दोन डाव्या बाह्या

शिवणकाम करणाऱ्या आक्का बोलायला भारी कंजूष, कारण त्यांच्या तोंडात कायम चार टाचण्या. गल्ली त्यांना टाचणीआक्का म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. तीस वर्षं एकाच खिडकीखाली त्यांचं मशीन चाललं. अलीकडे मात्र डोळ्यांनी दगा दिला. खडूची रेघ दिसेना, तशी त्यांनी मोठी कात्री सुनेच्या हाती दिली. दोन वर्षांत सून चांगली तयार झाली. आता तिने हात आखडला, तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

त्या सोमवारी सून मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाचं कापड कापत होती. बाई निवृत्त झालेल्या. हे लोकरी कापड त्यांच्या भावाने वारण्याआधी पाठवलेलं. सुलट बाजू गर्द निळी, उलट बाजू फिकी. पन्हा कमी, त्यामुळे घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येत नव्हत्या. एक कापायची, मग बाहीचा कागद पालथा घालून दुसरी. सुनेने पहिली कापली आणि फोन वाजला. फोन कान नि खांद्यात धरून, बहिणीच्या नव्या घराची हकिगत ऐकत, तिने कागद होता तसाच ठेवून दुसरी कापली.

फोन झाल्यावर तिने बाह्या शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही डाव्याच.

"आई," ती म्हणाली, "दोन्ही डाव्याच कापल्या."

आक्कांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. उरलेलं कापड बोटांनी चाचपलं. त्यात नवी बाही बसत नव्हती.

"मी पुन्हा कात्रीला हात लावणार नाही," सून म्हणाली. "बाईंना सांगा ना, कापड कमी पडलं."

"पडलं का कमी?"

"नाही."

"मग चप्पल घाल. सांगून येऊ."

"उद्या गेलं तर?"

"उद्यापर्यंत आपल्याला चांगलीशी सबब सुचेल. म्हणून आत्ताच."

बाईंच्या दारात सूनच बोलली. आक्का मुद्दाम एक पायरी खाली थांबल्या. सुनेने फोनचंही सांगितलं, काही झाकलं नाही. बाईंनी त्या दोन बाह्या हातात घेतल्या आणि बराच वेळ नुसत्या कुरवाळल्या.

"एका वेळी एकच काम करा, असं मी मुलींना जन्मभर सांगत आले," त्या म्हणाल्या.

"मी तुमच्या शाळेत नव्हते बाई."

"ते दिसतंच आहे."

आक्कांनी ओठ दाबून हसू गिळलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "बिनबाह्यांचं जाकीट करा," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ म्हणायचा, तू बोलताना फार हातवारे करतेस. मोकळे राहतील हात." आणि दार लावता लावता, "तूच शीव हो."

दुकानात परतल्यावर आक्कांनी जाकिटाचं कापड बाजूला ठेवलं. डॉक्टरीणबाईंचा झगा कापायचा बाकी होता, ते कापड त्यांनी टेबलावर पसरलं.

"आज नको आई. उद्या कापते."

"आज ठेवलीस, तर उद्या कात्री दुप्पट जड होईल. फोन दे इकडे." त्यांनी तो बटणांच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"आणि परत चुकलं तर?"

"परत जाऊन सांगू. दोघी आहोत."

मग आक्का स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाठीवर कुणाची नजर असली की हात चालत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. देवाला त्या मनातल्या मनात म्हणाल्या, माझे डोळे घेतलेस, तक्रार नाही. हिची भीती तेवढी घे.

मागे कितीतरी वेळ काहीच ऐकू येईना. मग कात्रीचा एक चावा. पुन्हा शांत. मग सलग करकर, आणि दुसऱ्या बाहीपाशी येऊन ती थांबली. कागद सळसळला.

"आई, मी पालथा घातलाय ना?"

आक्का वळल्या नाहीत. "तूच बघून सांग."

"घातलाय," सून म्हणाली, आणि कात्री पुढे निघाली.