न पेटणारी पिवळी पावडर

पावडरची पट्टी तिसऱ्यांदाही मध्येच विझली. मी स्टॉपवॉच थांबवलं आणि वर पाहिलं. अग्रवालजी हसत होते.

"देखा मॅडमजी? मैं तो पहले ही बोला था. आग पकड़ती ही नहीं."

मला ते हसणं आवडलं नाही. क्लायंट सहसा टेस्ट बघायला थांबत नाहीत. जळक्या केमिकलचा वास कोणाला हवा असतो? हे गृहस्थ सकाळपासून स्टूल टाकून बसले होते, आणि येताना सगळ्या स्टाफसाठी कचोऱ्या घेऊन आले होते. रिपोर्टच्या आधी खायला घालणारा क्लायंट दिसला की मी सॅम्पलची बाटली पुन्हा एकदा उघडून बघते.

माझी कापडमिल बंद झाल्यावर काही महिने घरी बसून मी तुकोगंजमधल्या या खासगी लॅबमध्ये लागले होते. मिलच्या लॅबमध्ये सूत आणि कापड तपासायचे, इथे येईल ते. त्या वर्षांत शहरात एकीकडे मिलांना कुलपं लागत होती आणि दुसरीकडे ज्याला त्याला एक्स्पोर्ट करायचं होतं. अग्रवालजींनाही. सियागंजमध्ये त्यांचं होलसेलचं दुकान होतं आणि सांवेर रोडला एक लहानसा कारखाना. तिथे ही पिवळी पावडर बनायची. चपलेच्या रबरात ती मिसळतात. रबर तापलं की तिच्यातून वायू सुटतो, रबर फुगतं, तळवा मऊ होतो.

त्यांना परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली होती. जहाज कंपनीने एकच कागद मागितला होता: हा माल सहज पेट घेणारा आहे की नाही. नाही म्हटलं तर साधा माल म्हणून कंटेनरमध्ये जाणार. हो म्हटलं तर वेगळे ड्रम, वेगळं लेबल, वेगळं बुकिंग, आणि ठरलेली तारीख हुकणार.

"ऑर्डर गई तो कारखाने को ताला," अग्रवालजी म्हणाले होते. "नौ आदमी हैं. ज़्यादातर मिल के ही निकले हुए."

हे ते मला का सांगत होते, तेही मला कळत होतं.

टेस्ट तशी सोपी असते. पावडर एका लांबट साच्यात भरायची. साचा थोड्या उंचीवरून तीनदा आपटायचा, म्हणजे पावडर बसते. मग तो न जळणाऱ्या फरशीवर उलटा करून काढून घ्यायचा. वितीपेक्षा थोडी लांब, बोटाएवढी रुंद पट्टी तयार होते. एका टोकाला बर्नरची ज्योत लावायची आणि आग पट्टीवरून किती वेगाने धावते ते मोजायचं. दोन मिनिटांत ती वीस सेंटिमीटर गेली नाही तर माल पास. गेली तर पुढची टेस्ट.

ही पट्टी तीन-चार सेंटिमीटर धुमसायची आणि विझायची. म्हणजे पास. मला खटकलं ते वेगळंच. पट्टीच्या कडा बर्फी कापल्यासारख्या होत्या. कोरड्या बारीक पावडरच्या कडा साचा काढताच थोड्या तरी ढासळतात. ही ढासळत नव्हती.

मी चिमूटभर बोटांत चोळली. बोटांना चिकटली.

अग्रवालजी गेल्यावर मी शर्मा सरांच्या केबिनमध्ये गेले. लॅब त्यांची. माणूस वाईट नव्हता, पण लॅबला क्लायंट हवे असतात.

"सर, सॅम्पल ओलं आहे."

"तो? जो आया वो टेस्ट किया. लिख दो, सॅम्पल ॲज रिसीव्ह्ड."

या तीन शब्दांचा अर्थ असा, की आमच्याकडे जे आलं त्याबद्दलच आम्ही बोलतोय. बाकी माल कसा आहे ते आम्हाला माहीत नाही.

"आणि कंटेनरमध्ये कोरडा माल असला तर?"

"मॅडम, आप पुलिस में क्यों नहीं गईं?"

"मिलवाल्यांनी आधी घेतलं म्हणून."

सर हसले. "सोमवार तक देखो. उसके बाद साइन करो."

असली पावडर ओव्हनमध्ये वाळवता येत नाही. वाळायच्या आधी ओव्हनच जाईल. मी वजन करून थोडी पावडर डेसिकेटरमध्ये ठेवली. डेसिकेटर म्हणजे झाकणाचं जाड काचेचं भांडं, तळाशी पाणी शोषून घेणारे खडे असतात. सोमवारी वजन केलं. शंभर ग्रॅममागे बारा ग्रॅम पाणी उडालं होतं. त्या वाळलेल्या पावडरची छोटीशी पट्टी केली आणि धूर ओढून घेणाऱ्या हूडची काच खाली ओढून ज्योत लावली. स्टॉपवॉच नीट दाबेपर्यंत आग दुसऱ्या टोकाला पोचली होती.

आता माझी खात्री पटली. अग्रवालजींनी सॅम्पल भिजवून आणलं होतं.

मी फोन केला नाही. रिक्षा करून थेट सांवेर रोडला गेले. अग्रवालजी मला बघून उठलेच.

"अरे, मॅडमजी! फोन कर देतीं, गाडी भेज देता."

"म्हणूनच नाही केला. ऑर्डरचा माल दाखवा."

पोती शिवून तयार होती. मी तीन उघडायला लावली. तिन्हींत पावडर कोरडी, इतकी की नुसतं पोतं हलवलं तर पिवळा धूर उठत होता.

"आता मला सांगा, माझं सॅम्पल कोणी भरलं?"

अग्रवालजींनी हाक मारली. गोडाऊनमधून साठीला आलेले एक गृहस्थ बाहेर आले. खाकी पँट, नखांच्या कडा पिवळ्या. गोडाऊन सांभाळणारे वामनराव.

"बाई, मी भरलं. काही चुकलं काय?"

"जसं भरलंत तसंच पुन्हा भरा. माझ्यासमोर."

त्यांनी एका पोत्यातून ट्रेमध्ये पावडर काढली. मग शांतपणे पाण्याच्या मगात बोटं बुडवली, ट्रेवर पाणी शिंपडलं, तळहाताने हलक्या हाताने फिरवलं, पुन्हा शिंपडलं. मग बाटली भरली, बाहेरून फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली.

अग्रवालजींचं तोंड उघडंच राहिलं.

"पाणी का शिंपडलंत?" मी विचारलं.

वामनरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ही बाई शिकलेली आहे ना?

"पावडर उडते ना, बाई. शेजारी पांढरा कपडा असला की सत्यानाश. मिलच्या रंगखात्यात तीस वर्षं काढली मी. कोरडा नमुना खात्याबाहेर गेला तर मास्तर हातावर फुटपट्टी मारायचा."

मला हे माहीत असायला हवं होतं. मिलमध्ये आमच्या लॅबला रंगखात्याकडून नमुने यायचे, ते कायम दमट असायचे. दहा वर्षं मी ते हातांनी उघडले होते. पण अग्रवालजींच्या कचोऱ्या बघितल्यावर मला फक्त अग्रवालजी दिसत होते.

"इथे पांढरा कपडा कुठे आहे, वामनराव?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "नाहीये. पण सवय आहे."

मी तिन्ही पोत्यांतून स्वतः सॅम्पल घेतलं आणि बाटल्यांना सील लावलं. अग्रवालजींना तेव्हा कळलं, काय होणार ते.

"मॅडमजी, गलती ईमानदारी की है. पहला रिपोर्ट ही रहने दो. मैं सारा माल गीला करके भेज दूँगा."

"मेच्या उन्हात, बंद कंटेनरमध्ये, तो ओला किती दिवस राहील? आणि वाळल्यावर पेटला तर?"

ते वामनरावांकडे वळले. "कल से मत आना आप."

 वामनराव बोटं पँटला पुसत उभे राहिले.

"अग्रवालजी, त्यांना काढायचं तर काढा," मी म्हटलं. "पण मी सॅम्पल का नाकारलं ते कारणासकट फाइलला लागणार. उद्या कोणी विचारलं की ते पाणी कोणी मारलं, तर सांगणारा माणूस हाच. तो गेला तर लोक तुमच्याकडेच बोट दाखवतील. मीही दाखवलंच होतं."

त्यांनी कंटेनरच्या बुकिंगचे कागद ड्रॉवरमध्ये टाकले. मग म्हणाले, "जाइए वामनरावजी, चाय बोलिए."

नवीन सॅम्पल दोन्ही टेस्टमध्ये सगळं जळालं. मी रिपोर्टवर सहज पेट घेणारा घन पदार्थ असं लिहिलं आणि सही केली. शर्मा सरांनीही केली, उसासा टाकून. तारीख हुकली. अग्रवालजींनी खरेदीदाराला फॅक्स पाठवला आणि कारखाना बंद करण्याची तयारी सुरू केली. चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांचे इतर सप्लायर हा माल पेट घेणारा म्हणूनच पाठवत होते. एकटे अग्रवालजीच म्हणत होते की पेटत नाही, म्हणून खरेदीदाराला संशय आला होता. आता उशीर चालेल, ड्रममध्ये पाठवा. कारखाना चालू राहिला. वामनरावही राहिले.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या दिवशी कारखान्यातून निघताना मी वामनरावांना विचारलं होतं, नेहमी सॅम्पल तुम्हीच भरता का?

"नाही, मशीनवाला भरतो. या वेळी मालक म्हणाले, वामनरावजी, आप भरो, आपका हाथ साफ है."

मालकांना त्यांची सवय माहीत होती की नाही, ते मी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं, पण त्याची टेस्ट करता आली नसती. लॅबच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवला: सॅम्पल कोणी भरलं आणि भरताना काय केलं. पुढच्या वेळी अग्रवालजींचं सॅम्पल आलं, तेव्हा तो रकाना रिकामा होता. मी बाटली परत पाठवली.