अकरा दिवस उशिरा पोचलेला कान

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. पहिली, ‘सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, उजवा कान.’ दुसरी, ‘कधीपासून?’

मी खणखणीत आवाजात सांगितलं, "अकरा दिवस." खणखणीत हा माझा अंदाज. मला ऐकू येत नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहिलं, ‘पहिल्या दोन-तीन दिवसांत का नाही आलात?’ मग तपासणीच्या कागदावर डाव्या कानाची रेघ बोटाने दाखवली. ती रेघ पार तळाला होती. ‘आणि हा कधीपासून?’

"बेचाळीस वर्षं," मी म्हटलं. माझ्या शेजारी बसलेले माझे यजमान छताकडे बघायला लागले.

कागदावरचा पहिल्या ओळीतला शब्द लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे. आतल्या कानातलं यंत्र किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस एका रात्रीत बंद पडते. का, ते बहुतेक वेळा कळत नाही. दुखत नाही, पू नाही, रक्त नाही. म्हणूनच माणूस फसतो. हृदयविकाराला धावतो तसं या कानासाठी धावायला हवं, त्याच दिवशी. मी धावले नाही. मी क्योटो बघायला गेले.

हे मी आज सत्तरीला टेकल्यावर लिहिते आहे. ज्या बाईबद्दल लिहिते आहे ती एकोणपन्नास वर्षांची होती, केस काळे करायची आणि स्वतःला फार हुशार समजायची. तिची मला आता फारशी दया येत नाही.

सिंगापुरात सार्सची साथ ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही बेडोकला आठव्या मजल्यावर राहायचो. यजमान बंदरातल्या क्रेनचे इंजिनीअर, मी एका शाळेत गणिताची परदेशी शिक्षिका. पोरं मला ‘चर’ म्हणायची. टीचरमधला ‘टी’ उच्चारायचा त्यांना कंटाळा, वाक्याच्या शेवटी ‘लाह’ हे तिथलं शेपूट मात्र न चुकता.

माझा डावा कान सातव्या वर्षी गालगुंडांनी गेला होता, पूर्ण. नागपूरला मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईने मला भिंतीला डावी बाजू लावून बसवलं. प्रश्न विचारणारे सगळे उजवीकडे. लग्न ठरलं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी मी उजवा कान उशीत घालून झोपले आणि नवरा अर्धा तास स्वतःच्या नोकरीबद्दल बोलत राहिला. उत्तर नाही म्हटल्यावर त्याला कळलं. तो चिडला नाही. पण त्या दिवसापासून ते आमचं दोघांचं गुपित झालं. नोकरीच्या फॉर्मवर मी कधी लिहिलं नाही. सिंगापूरच्या नोकरीच्या परवान्यासाठी छातीचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं. कान कुणी विचारला नाही, मी सांगितला नाही. बहिऱ्या बाईला वर्गात कोण उभं करेल, अशी माझी खात्री होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्या शाळा बंद होतात. जपानच्या शाळा डिसेंबर संपत येईपर्यंत चालू असतात. तिथल्या समुद्राकाठच्या एका लहान गावात आमच्या शाळेच्या ओळखीने मला बोलावणं आलं. तीन आठवडे तिथल्या मुलांना इंग्रजीतून गणित शिकवायचं, एका शिक्षिकेच्या घरी राहायचं आणि नंतर नवीन वर्षाच्या सुट्टीत फिरायचं. मी पोळपाट सोडून सगळं सामान नेलं. लसणाचा गड्डा आणि तिळाच्या तेलाची बाटलीसुद्धा.

त्या शिक्षिका म्हणजे मिदोरी-सान, माझ्याच वयाच्या. त्यांना इंग्रजी लिहिता छान येई, बोलताना लाजायच्या. सकाळी त्या मला सोयाबीनचं मिसो सूप द्यायच्या, मी त्यांना कांदेपोहे. दोघीही दुसरीचं संपवून ‘छान, छान’ म्हणायचो. वर्गात पोरं उभी राहून वाकायची. मी त्रिकोण काढायचे. त्रिकोणाला भाषा लागत नाही.

अठ्ठावीस डिसेंबरच्या सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पांढरं होतं. पहिला मोठा बर्फ. आदल्याच दिवशी मिदोरी-साननी सांगितलं होतं की बर्फ पडला की गाव शांत होतं, आवाज बर्फात विरतात. मी पडल्या पडल्या विचार केला, किती ही शांतता! अगदी ध्यानाला बसल्यासारखी. आता हसू येतं. बाई बहिरी झाली होती आणि निसर्गाचं कौतुक करत होती.

स्वयंपाकघरात किटलीतून वाफ येत होती. ती किटली रोज शिट्टी मारायची. त्या दिवशी मारली नाही. मिदोरी-सानचे ओठ हलत होते. मी चमचा खाली टाकून पाहिला. चमचा मुकाट पडला. उजव्या कानात फक्त समुद्रासारखी एक घरघर होती, ती बाहेरून येत नव्हती. त्या घरघरीला टिनिटस म्हणतात. कान बंद पडला की मेंदू रिकाम्या जागेत स्वतःच आवाज भरतो.

मिदोरी-सान हुशार. पाच मिनिटांत त्यांना कळलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘हॉस्पिटल. आज. उद्यापासून सुट्टीमुळे दवाखाने बंद. मी गाडी काढते.’

मी खाली लिहिलं, ‘विमानाने कानाला दडा बसला आहे. जाईल.’

त्यांनी लिहिलं, ‘विमान महिन्यापूर्वी होतं.’

मी लिहिलं, ‘माझे कान हळूहळू बसतात.’

कारण मला दवाखान्यातला फॉर्म दिसत होता. पूर्वीचे आजार: डावा कान. मग मिदोरी-सान माझ्या प्रिन्सिपलबाईंना काळजीने पत्र लिहिणार, त्यात तेही येणार. बेचाळीस वर्षं झाकलेलं असं एका जपानी फॉर्मवर उघडं करायचं? छे. मी लसणाच्या चार पाकळ्या तेलात कडकवल्या, तेल कोमट करून कानात सोडलं आणि कापूस घातला. त्या माउलीच्या स्वच्छ घराला दोन दिवस फोडणीचा वास येत होता. तुम्ही हे करू नका. तेल कानाच्या पडद्यापाशी थांबतं. बिघाड त्याच्या पलीकडे असतो. बंद दाराला तेल लावल्यावर आतल्या माणसाचं पोट दुखायचं थांबेल काय?

मग मी एकटी क्योटोला गेले. खरं सांगते, बहिरेपणाला जपानसारखा देश नाही. माझ्याशी कुणी बोललं तरी मला कळणार नव्हतंच. सगळे वाकायचे, मी वाकायचे. स्टेशनवर इंग्रजी पाट्या, दुकानात कॅल्क्युलेटरवर आकडा. आठ दिवस मी कुणाच्या लक्षात न येता बहिरी राहिले. यजमानांचा फोन आला की कट करायचे आणि मेसेज टाकायचे, ‘रेंज नाही. खूप मजा.’

एका विहारात मोठी घंटा होती. टांगलेल्या लाकडी ओंडक्याने ती वाजवायला लोक रांगेत उभे होते, भर दुपारी. माझी पाळी आली. मी मनात त्रिशरण म्हटलं, दोर ओढला आणि सोडला. घंटा माझ्या पोटात वाजली. छातीत, दातांत, पायांखाली. मला रडू फुटलं. ऐकू आलं, परत आलं! मी रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिले, पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. मी ठरवलं, कान सुधारतो आहे, आता घाई नको.

तो कान नव्हता. ती हाडं होती. शंभर मणाचा काशाचा गोळा थरथरला तर भिंतसुद्धा ऐकते. त्या घंटेने माझे आणखी चार दिवस खाल्ले.

सिंगापूरच्या विमानतळावर यजमान काहीतरी बोलले. मी हसून म्हटलं, "हो, थंडी खूप होती." त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, "जेवण बरं होतं." त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड नेलं. मला फक्त श्वासाची ऊब लागली.

त्यानंतर आमचा संसार वहीवर आला. मी बोलायचे, ते लिहायचे. पहिलं पान अजून आहे.

‘लसणाचं तेल?’

"हो."

‘जपानमध्ये लसूण कुठे मिळाला?’

"नेला होता."

‘धन्य आहेस. डोकं पण न्यायचं होतंस.’

उपचार सांगते. आधी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. सूज असेल तर उतरवतात. त्यांनी झोप गेली, तोंड पुरीसारखं फुगलं आणि भूक राक्षसासारखी लागली. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, मी सकाळी दोन प्लेट काया टोस्ट, नारळाचा जॅम लावलेला, खायचे आणि वर डोसा. दुकानदारीण बोटांनी ‘एक?’ विचारायची, मी ‘दोन’ दाखवायचे. तिथेही भाषा लागली नाही.

मग एमआरआय. नसेवर गाठ नाही ना, ते बघायला. ते यंत्र आत भयंकर ठणाणा करतं म्हणून कानात बोळे देतात. मलाही दिले. मी काढून परत केले तर नर्स घाबरली. गाठ नव्हती. एवढी एक बातमी चांगली.

मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन, म्हणजे कानाच्या पडद्यातून थेट आत सुई. चार वेळा. अर्धा तास डोकं कलतं ठेवून पडायचं, गिळायचंसुद्धा नाही. आणि हायपरबेरिक ऑक्सिजन. पाणबुडीसारख्या बंद खोलीत दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. माझ्या समोर मधुमेहाने पाय चिघळलेले एक चिनी आजोबा बसायचे. ते रोज मला अंगठा दाखवायचे. मी पण दाखवायचे. दोघांनाही काही होत नव्हतं.

दर आठवड्याला ऑडिओग्राम. काचेच्या खोलीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. मी लबाडी केली. बाहेरच्या मुलीच्या खांद्याची हालचाल बघून दाबायचे. तिसऱ्या वेळी तिने माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्या आलेखात रेघ जितकी खाली तितका कान गेलेला. गणिताच्या बाईला आलेख वाचायला डॉक्टर लागत नाही. पहिल्या आठवड्यात रेघ तळाशी. दुसऱ्या, तिसऱ्यात तळाशी. चौथ्यात अगदी डावीकडे, जाड आवाजांच्या जागी, बोटभर वर आली. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ लिहिलं.

‘एवढंच येईल असं मला वाटतं. मशीन लावलं तर कुणीतरी बोलतंय ते कळेल. काय बोलतंय ते कळणार नाही. मला वाईट वाटतं.’

मी विचारलं, "पहिल्या दिवशी आले असते तर?"

त्यांनी पेन कागदावर टेकवलं. खोटं लिहिता आलं असतं त्यांना. त्यांनी लिहिलं, ‘माहीत नाही. पण संधी जास्त होती.’

ते वाक्य मी वीस वर्षं बाळगून आहे. पुढे कॉक्लिअर इम्प्लांट केलं. डोक्याच्या हाडात यंत्र बसवून थेट नसेला वीज देतात. त्याने शब्द कळतात, पण माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी येतात. सिंगापुरातल्या सेंगकांगला राहणारी माझी नात मला ‘आज्जी, कॅन हिअर ऑर नॉट?’ विचारते तेव्हा मी ‘कॅन, कॅन’ म्हणते. तिचा खरा आवाज कसा आहे ते मला कधीच कळणार नाही. यजमानांचा आठवतो. आठवणीतला आता झिजत चालला आहे.

तर ज्यांचा कान उद्या सकाळी असा जाईल त्यांना सांगते. तेल नको, वाफ नको, वाट नको. आणि जे लपवलंय ते डॉक्टरांना आधी सांगा.

त्या वर्षी फेब्रुवारीत, उजवा कान गेल्याचं कळल्यावरही, प्रिन्सिपलबाईंनी मला सत्र संपेपर्यंत वर्ग घेऊ दिला, पुढच्या सत्राला मात्र नाही. तीन वर्षं माझ्याच हाताखाली शिकलेली मुलं समोर होती. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, "माझा डावा कान लहानपणापासून बहिरा आहे. आता उजवाही गेला. काही विचारायचं असेल तर फळ्यावर येऊन लिहा."

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मला वाटलं, धक्का बसला. मग एक मुलगी उठली, दोन वेण्यांची, वर्गातली सगळ्यात चावट. तिने खडू घेतला आणि लिहिलं:

‘सॉरी चर. डावा आम्हाला ठाऊक होता लाह. ज्यांना गप्पा मारायच्या ते डावीकडे बसायचे.’

तिने क्षणभर विचार करून खाली आणखी लिहिलं, ‘तीन वर्षं.’

मी खुर्चीवर बसले. ज्या गुपितासाठी मी एक चालता कान दिला होता, ते आठवीच्या पोरांनी बसायच्या जागा ठरवायला वापरलं होतं. कुणी तक्रार केली नव्हती. कुणी मला कमी लेखलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती फक्त वर्गातली एक सोय होती.

मग मी हसले. फार मोठ्याने असणार, कारण पहिल्या बाकावरच्या दोघी दचकल्या आणि मग सगळा वर्ग हसला. सगळ्यांची तोंडं उघडी, खांदे हलताहेत, आणि आवाज कुठेच नाही.