‘मारून राह्यलो होतो’

ती घटना मला आजही आठवते आणि आठवली की संताप येतो. खुन्याचा येतो, बातमीदारांचा येतो, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. मी मुदतीआधी पोलिसातली नोकरी सोडली तेव्हा लोकांनी प्रकृतीचं कारण धरलं. मी धरू दिलं. आज खरं लिहितो.

मी सातारा भागातला. बदली होऊन यवतमाळला हजर झालो त्याला आठवडाही झाला नव्हता. कळंब रोडवरच्या एका लॉनवर फॅशन शो होता. आदल्या संध्याकाळी मेकअपच्या खोलीत एक मुलगी मृतावस्थेत सापडली. मूळची बाभुळगावची, पुण्यात मॉडेलिंग करणारी. विजेतीच्या खांद्यावरून घालतात त्या सॅटिनच्या पट्ट्यानं तिचा गळा आवळलेला होता. पंचनामा झाला. तिचा मोबाइल मिळाला नाही.

सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणारा शोचा आयोजक होता. हा ग्रूमिंगचे क्लास चालवायचा आणि मुलींना मुंबईच्या कामाची स्वप्नं दाखवायचा.

“सर, बाभुळगावात तिच्या वर्गातला एक पोरगा आहे. फ्लेक्सचं दुकान आहे त्याचं. चित्रकथा काढतो, मॉडेलच्या खुनाची. त्यात पण मुलीला पट्ट्यानंच मारलंय. बघा एकदा.”

बघितलं. दुकानामागच्या खोलीत टेबलावर अर्धवट काढलेलं पान होतं. मेकअपची खोली, आरसा, मुलीच्या गळ्याभोवती पट्टा. चेहरा मृत मुलीचाच. मला वाटलं, प्रकरण निकाली निघालं. एवढ्या लवकर निकाली निघणाऱ्या प्रकरणाची भीती वाटायला हवी होती. मला हुरूप आला.

ठाण्यात आणून समोर बसवलं आणि विचारलं, “काल संध्याकाळी काय केलंस?”

“मी तिले मारून राह्यलो होतो साहेब, अन्…”

‘अन्’च्या पुढचं मी ऐकलं नाही.

“मारून कुठे राहिलास?”

“कुठं जाईन साहेब? तिथंच होतो. रातभर.”

“रात्रभर काय केलंस?”

“बराबर मरून नव्हती राह्यली ना. मान नीट येत नव्हती. दोन-चारदा वळवली.”

मी त्याला मारलं. कशानं मारलं ते लिहीत नाही. उजव्या हातावर मारलं, एवढं लिहितो.

दारात उभा असलेला शिपाई नेरचा, म्हणजे याच भागातला. त्याची नजर एकदा वर आली आणि खाली गेली. साहेब तापलेला असताना खालच्यानं तोंड उघडायचं नाही, ही शिस्त मी हजर झालो त्याच दिवशी लावली होती.

जबाब मी स्वतः शुद्ध मराठीत लिहून घेतला : ‘मी तिला मारून रात्रभर तेथेच राहिलो.’ पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. गावात मात्र टिकते. दुपारी पत्रकारांना बोलावलं, संध्याकाळी मोबाइलवर ‘चित्रकथेतला खुनी’ फिरू लागला. कोर्टानं पोलीस कोठडी दिली.

दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याला फोन लावला. “चहा कुठे आहे रे?”

“आणून राह्यलो ना साहेब!”

मी टेबलाकडे पाहिलं. “आणून राहिलास, तर दिसत का नाही?”

“काहून घाई करता साहेब, रस्त्यात हाये ना! आणून राह्यलो म्हणजे येऊनच राह्यलो!”

तो नेरचा शिपाई खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला विचारलं, “‘मारून राह्यलो होतो’ म्हणजे काय?”

“मारत होतो, साहेब,” तो म्हणाला. “चित्र काढून राह्यला होता तो.”

“काल का नाही बोललास?”

“तुमी विचारलंच कुठं?”

त्या मुलाला तेव्हाच सोडायला हवं होतं. मी सोडलं नाही. बातमी छापून आली होती, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. खरा खुनी हाती लागेपर्यंत हा आत असलेला बरा, असा मी हिशेब केला. दुसऱ्याच्या कातडीवर केलेला हा हिशेब. त्याला मी त्या वेळी ‘तपासाची गरज’ म्हणालो.

कोठडीत गेलो. ओरडलो नाही, समोर जमिनीवर बसलो. “ते पान कोणाला दाखवलं होतंस?”

“कोणालेच नाही साहेब. तिलेच मोबाइलवर पाठवलं, त्याच संध्याकाळी. तोंड तिचं होतं, तं इचारा लागते ना. तिचा फोन आला. हासून राह्यली होती. म्हणे, मरायचंच हाये तं चांगल्या साडीत तरी मार ना बे!”

आदल्या दिवशी ‘अन्’च्या पुढे हेच होतं.

आता सगळं लख्ख झालं. पट्ट्याचं ते पान जगात दोनच ठिकाणी होतं, त्याच्या टेबलावर आणि तिच्या मोबाइलवर. मग आयोजकाला ते कसं कळलं? हा प्रश्न त्या पहिल्या फोनवरच विचारायचा असतो. नवीन भरती झालेला पोरगाही विचारेल.

लॉनवर पुन्हा झडती घेतली. आयोजकाच्या साउंडच्या पेटीत तिचा मोबाइल निघाला. मग आयोजक फार टिकला नाही. कामाच्या मोबदल्यात तो मुलींकडून काय मागतो, ते ती दुसऱ्या दिवशी स्टेजवर माइकवर सांगणार होती. “तिच्या मोबाइलवर ते चित्र उघडंच होतं, सर. त्यावरून सुचलं,” असं तो सांगत होता. जणू दोष चित्राचा. आरोपीही तयार मिळतोय, हेही त्याला तिथेच सुचलं. गिऱ्हाईक म्हणून त्यानं मला बरोबर ओळखलं होतं.

त्या मुलाला सोडलं. कागदावर ‘पुराव्याअभावी’ असं लिहिलं. तो निर्दोष आहे, हे सांगायला मी पत्रकारांना बोलावलं नाही.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. माणसाचं बोलणं आपल्या भाषेत धुऊन लिहू नका, हे मी त्यांना सांगतो. वाक्य संपेपर्यंत हात उचलू नका, हे खरं तर आधी सांगायला हवं. ते आजवर कधी सांगितलं नाही, कारण मग तो हात कोणाचा, हे सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात बाभुळगावला गेलो. दुकान आहे. तो डाव्या हातानं माउस चालवत होता. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. त्यानं ओळखलं, खुर्ची पुढे केली. शिवीपेक्षा ती मला जास्त लागली.

माफी मागायला गेलो होतो. तोंडून भलतंच निघालं. “ती कथा पुरी केलीस का?”

“नाही साहेब.” स्क्रीनवरून त्यानं नजर हलवली नाही. “ते पान तसंच पडलं हाये. ती अजून मरूनच राह्यली.”

या वेळी मला वाक्य कळलं.