चेन नसलेला पोशाख

मनात काही धरून ठेवू नये, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. मी धरून ठेवलं आणि त्याचं चांगलं चीज झालं.

आठवीत असताना मला कॉमिक्सचं वेड होतं. आळेफाट्यावर मामाचा पुस्तकांचा स्टॉल होता. पावसात भिजलेली, कुणी विकत घेणार नाही अशी हिंदी कॉमिक्स तो मला आणून द्यायचा. माझा लाडका हिरो अंगाला चिकटलेला शेंदरी पोशाख घालायचा आणि त्यावर निळी चड्डी. फुटायला आलेली धरणाची भिंत तो पाठ लावून थोपवायचा. मला त्यात काहीच खोटं वाटत नसे.

आमच्या वर्गात गिरणीवाल्याचा मुलगा होता. सुट्टीत पुण्याला काकाकडे जाऊन तो असाच एका हिरोचा इंग्रजी पिक्चर बघून आला आणि त्याला शिंगं फुटली. त्याच्या पिक्चरमधल्या हिरोचा पोशाख काळा, जाड, चामड्यासारखा. गोळी लागली की त्याला रक्त यायचं. "याला रिअल म्हंत्यात," तो ऐकवायचा. मधल्या सुट्टीत आमची रोज जुंपायची. मी म्हणायचे, पुस्तक आधी आलं, पिक्चर मागून. तेव्हा पुस्तकात आहे तसंच दाखवलं पाहिजे. तो म्हणायचा, चड्डी वरून घालून कोण मारामारीला जातं? अर्धा वर्ग माझ्या बाजूनं असायचा आणि ते त्याला सोसत नसे.

एक दिवस त्यानं माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि सगळ्यांपुढे नाचवलं. "ह्याच्या पोशाखाला चेन कुठंय? तुझा हिरो मुतायला कसा जातो, सांग की."

वर्ग हसून लोळला. माझ्या बाजूची पोरंही हसली. मी पुस्तक हिसकावून दप्तरात कोंबलं. त्या दिवसापासून माझं नाव 'चेन' पडलं. एसटीच्या थांब्यावर 'ए चेन', जत्रेत 'ए चेन'. असं का म्हणतात म्हणून आईनं विचारलं, तेव्हा मी तिला काय सांगणार? पोरांना मिशा फुटल्या तरी ते नाव सुटलं नाही. मला बघायला पहिले पाहुणे आले, तेव्हाही बाहेरून गिरणीवाल्याच्या त्याच मुलानं ती हाळी दिली. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी कप ठेवले, आणि ह्याला सोडायचं नाही हे तिथंच ठरवलं.

पुढे मी शिवणकाम शिकले. गावातलं बरंचसं कापड माझ्या मशीनखालून जाऊ लागलं. दोन हजार सालानंतरचा एक गणपती आला. मंडळानं जिवंत देखावा ठरवला: सुपरहिरो गुटख्याच्या राक्षसाला मारतो. कॅसेटवर आवाज, स्टेजवर माणसं, आणि तालुक्याच्या स्पर्धेचे परीक्षक बघायला येणार. मंडळात पुन्हा तोच वाद पेटला. काही जण म्हणाले, लहान पोरांना पुस्तकातला रंगीत हिरोच ओळखू येईल. पण हिरो होता गिरणीवाल्याचा तोच मुलगा, आणि वर्गणीही त्याच्या घरची मोठी. तो आपल्या पिक्चरच्या सीडीचं कव्हर घेऊन माझ्या दारात आला.

"हुबेहूब असाच पायजे. जोड दिसता कामा न्हाई. पिक्चरात कुठं दिसतो का?"

"नाही दिसत," मी म्हणाले. मला इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

स्कूटरच्या सीटला लावतात ते काळं रेक्झिन मी नारायणगावहून आणलं. पायापासून गळ्यापर्यंत एकसंध पोशाख शिवला. पुढे काही नाही. मागे पाठीवर एक उभी फट, तीही पोशाख अंगावर चढवल्यावर हातानं शिवून बंद करायची. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा तर आमच्याकडे त्या माणसानं दातात काडी धरून गप्प बसायचं असतं, नाहीतर ते अशुभ. मी त्याच्या दातात काडी दिली. अर्ध्या टाक्यांत त्याच्या काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण तो हूं हूं करायला लागला. "बोलू नको," मी म्हणाले, "अशुभ असतं." आणि दुहेरी दोऱ्यानं मानेपर्यंत शिवत नेलं.

पहिला खेळ झाला, टाळ्या पडल्या. रेक्झिनमध्ये दिव्यांखाली तो उकडून निघत होता, म्हणून पोरं त्याला पाणी पाजत राहिली. वर दोन चहा. दुसरा खेळ संपता संपता हिरो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागला, आणि लोकांना वाटलं तो राक्षसावर धावून जाण्याच्या तयारीत आहे.

तो पडद्यामागे आला. तिथं मंडळाची सगळी पोरं होती, बहुतेक माझ्याच वर्गातली.

"ताई, उसव."

ताई. तोवर त्यानं मला ह्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

मी पिशवीतून कात्री काढली आणि हातात धरून बसले. "आधी एक सांग. तुझा हिरो मुतायला कसा जातो?"

 पोरांपैकी आधी एकाला आठवलं, मग दुसऱ्याला, आणि हसू पसरत गेलं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, परीक्षक आले. मी कात्री मिटली. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. मला त्याची जराही दया आली नाही.

"जात न्हाई," तो म्हणाला.

"पुस्तकातला?"

"पुस्तकातला न्हाई. पिक्चरातला बी न्हाई. ताई, पाया पडतो."

मी उसवलं. सावकाश, एकेक टाका. शेवटचा टाका निघाल्याबरोबर हिरो दोन्ही हातांनी पोशाख धरून मंडपामागच्या उसात पळाला, आणि परीक्षकांनी एकटाच राक्षस पाहिला.

त्यानंतर मला कुणी 'चेन' म्हटलं नाही. ते नाव त्याच्याकडे गेलं. आता गिरणी तोच चालवतो. मी दळण टाकायला जाते तेव्हा रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं विचारते, "काय राव, बसवून घेतली का चेन?" तो मान खाली घालून माझं पीठ इतरांच्या आधी काढून देतो.