आईच्या आमरीची वाटणी

ऑर्किड म्हटलं की लोकांना रिसेप्शनच्या बुकेतली जांभळी फुलं आठवतात. आमच्या आईची आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं रानटी ऑर्किड, तसली नव्हती. बोटाएवढ्या पाच-सात कांड्या, आणि निम्मा हिवाळा अंगावर पानसुद्धा नाही. आई पेठकडच्या एका शाळेत शिक्षिका होती. नव्वदच्या सुमारास वादळात शाळेमागच्या आंब्याची फांदी मोडली, तिच्यावर ही चिकटलेली होती. आईनं फांदीचा तेवढा तुकडा कापून घेतला, ओल्या टॉवेलात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर ठेवून गंगापूर रोडच्या घरी आणला. बाबांनी विचारलं, "हे सरपण कशाला?" पुढे कितीतरी दिवस आई त्यांच्याशी धड बोलली नाही.

मागच्या ओट्यावर शेवग्याच्या सावलीत तिनं तो ओंडका तारेनं टांगला. माती नाही, कुंडी नाही. उन्हाळ्यात मागे ओलं गोणपाट लावायचं आणि सकाळी मुळांवर पाणी शिंपडायचं. पावसाळ्यात तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. दिवाळी झाली की पाणी बंद. मग पानं पिवळी पडून गळायची, कांड्या वाळक्या काटक्यांसारख्या दिसायच्या. शेजारच्या काकू दरवर्षी न चुकता म्हणायच्या, "मेलं की हो तुमचं झाड!" आई म्हणायची, "झोपलंय. तुम्ही जरा हळू बोला." संक्रांत उलटली की त्याच बोडक्या कांड्यांवर पांढरी फुलं यायची आणि काकू गप्प बसायच्या.

एकदा साफसफाईच्या भरात मी एक सुरकुतलेली जुनी कांडी उपटायला गेले, तर आईनं हातावर फटकाच मारला. "अगं, नवीला तीच पोसते! आणि कधी वेगळी करायची वेळ आलीच, तर तीन-चार कांड्या एकत्र ठेवायच्या. त्याहून कमी केल्या तर जगत नाही ती." मला राग आला होता, पण लक्षात राहिलं.

पुढे बाबा गेले, आणि काही वर्षांनी आई आजारी पडली. दादा आणि धाकटा दवाखान्याच्या फेऱ्या मारत होते, मी मनमाडहून जमेल तशी येत होते. त्या उन्हाळ्यात आमरीकडे बघायला कुणाला सवड होती? आई अंथरुणावरून विचारायची, "तिला फूल आलं का गं?" मी म्हणायचे, "येईल." आई गेली तेव्हा ओंडक्यावर चारच कांड्या उरल्या होत्या.

तेरावा झाला आणि दोघे भाऊ वाटण्या करायला बसले. मी हक्कसोडीवर सही करून मोकळी झाले होते. पितळी डबे झाले, पातेली झाली, समया दोन होत्या म्हणून निभावलं. मग धाकट्याची नजर ओट्याकडे गेली. "आणि आईचं झाड?" ते दोघांनाही हवं होतं, आणि आईचं म्हणूनच हवं होतं. प्रेम खोटं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं.

"अर्धं-अर्धं करू," दादा म्हणाला.

"अरे, चार तर कांड्या आहेत! तोडलीत तर दोन्हीकडची मरेल. कुणीही एकानं न्या, पण अख्खी न्या."

दादानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला पाहिजे का? मग तसं सरळ सांग ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मला नको रे बाबा! शपथ घेऊ का?"

"ताई, उगाच फाटे फोडू नकोस," म्हणत धाकट्यानं सुरी आणली. त्यांनी मुळं खरवडून सोडवली आणि दोन-दोन कांड्या वेगळ्या केल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं रडले. बाहेर त्यांना वाटलं, आईसाठी रडतेय. तेही खोटं नव्हतं.

दादानं त्याच्या फ्लॅटमध्ये छानशा कुंडीत माती घालून लावली. ती कुजली. धाकट्यानं पुण्याला नेली. तिला एक कोंब आला, करंगळीच्या पेराएवढा, आणि गॅलरीतल्या उन्हानं वाळून गेला. हे दोन्ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वर्षश्राद्धाला दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "चांगला भाग त्यानं नेला. त्याच्याकडे फुललं असेल." धाकटा हात धुताना अगदी तेच म्हणाला, दादाबद्दल. मी दोघांनाही सांगितलं की दुसऱ्याचंही मेलंय. दादा म्हणाला, "तू त्याचीच बाजू घेणार." धाकटा म्हणाला, "दादानं शिकवून पाठवलं ना तुला?"

तेव्हापासून दोघांची बोलचाल नाही. आईचं श्राद्धही दोन घरी होतं. तिथी एकच, एकाकडे गेले की दुसरा मनात धरून बसतो, म्हणून मी कुठेच जात नाही. मनमाडला माझ्या दारात कावळ्याला पान ठेवते आणि आईला सांगते, नाही आलं गं फूल.