टेस्टरवर माझाच हात नापास

भूत, करणी, कुणाचे तळतळाट लागणं... यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या घरात देव्हारा नव्हता, बाबांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे हे इथे लिहिताना लाज वाटते आहे, आणि लाज तेवढ्याचीच नाही.

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात दुसऱ्या मजल्यावर आमची सोल्डरिंगची लाइन आहे. लिफ्टसाठी लागणारे सर्किट बोर्ड बनतात. मी क्वालिटीला. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी प्रत्येक सोल्डरिंग आयर्नच्या टोकाचं तापमान मोजायचं, अर्थिंग तपासायचं आणि मग बायकांचे मनगटी पट्टे. अंगावरची स्टॅटिक वीज हा पट्टा जमिनीत सोडतो, नाहीतर नुसतं बोट लागूनही नाजूक पार्ट जळू शकतो. पट्टा बांधायचा, त्याची वायर टेस्टरला जोडायची, पत्र्यावर बोट ठेवायचं. हिरवा दिवा लागला तर बसा कामाला. लाल लागला तर टेबलावर बसायचं नाही.

सुलभाकाकूंना लाल लागायचा. वय झालं की कातडी कोरडी पडते, वीज नीट जात नाही. त्यावर बायकांनी युक्ती काढली होती — पट्ट्याखाली पाण्याचं बोट फिरवायचं. लगेच हिरवा! पण पाणी थोड्या वेळात सुकतं आणि मग तो पट्टा नुसता शोभेचा. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा मी ते बंद केलं.

"काकू, हात पुसा आधी. कोरड्या हाताने दाखवा."

"गो बाय, ह्या हातात आता रगतच रवला नाय, वीज खयसून जातली?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. काकूंनी हात पुसला, लाल लागला आणि मी 'नापास' लिहिलं. असं काही दिवस चाललं. लाइनवरच्या बायका कंत्राटी; मग कंत्राटदाराने काकूंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

कोरड्या हातांसाठी खास लोशन मिळतं, हे मला माहीत होतं. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर कदम सर यांच्याकडे मी ते एकदा मागितलंही होतं. "ब्युटी पार्लर उघडलंय का गं आपण?" ते म्हणाले आणि मी गप्प बसले. बोर्ड जळू नये म्हणून नियमावर अडून राहिले. बाईची नोकरी जाऊ नये म्हणून एकदासुद्धा अडले नाही.

काकूंचं काम सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे आधी स्वतःचा पट्टा तपासला.

लाल.

मे महिना, एसी बिघडलेला, हाताला घामाच्या धारा. इतक्या ओल्या हाताला लाल लागूच शकत नाही! पट्टा बदलला, वायर बदलली. लाल. काकूंच्या शेजारी बसणाऱ्या रेश्माला म्हटलं, माझाच पट्टा बांध. तिला हिरवा. परत मी. लाल.

"जिवंत आहेस ना गं तू?" रेश्मा म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

टेस्टर मी स्वतः तपासला, बरोबर होता. मल्टिमीटरने माझ्या हातांचं रीडिंग घेतलं, तेही चारचौघींसारखंच. बाहेरून टेस्टर तपासून देणारा कॅलिब्रेशनवाला आला, त्याने सोबत आणलेल्या कोऱ्या टेस्टरवर माझं बोट ठेवायला लावलं. लाल. "मॅडम, मशीन तर ओके आहे..." एवढंच बोलला आणि सामान आवरायला लागला.

मी कदम सरांकडे गेले. "सर, मला लाल येतोय. नियमाप्रमाणे मी लाइनवर हात लावू शकत नाही."

"मग पाणी लाव ना थोडं! तू काय कंत्राटी आहेस काढून टाकायला?"

इतकं सहज. काकूंना जे मी करू दिलं नाही, ते मला हसत हसत बहाल झालं. त्या दिवशी मी भांडले. आवाज ऐकून रेश्मा आणि बाकीच्या कामं टाकून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. लोशन मंजूर झालं, काकूंना परत घ्यायचंही ठरलं.

तो निरोप घेऊन मी दिंडोशीला त्यांच्या घरी गेले. काकू एका केटररकडे भांडी घासायला जाऊ लागल्या होत्या. बोटांना भेगा पडलेल्या. मी लोशनचं सांगितलं, सगळ्या वाट बघताहेत म्हटलं. त्यांनी विचारलं,

"आणि सगळ्यांसमोर परत लाल दिवो लागलो, तर तू काय करतलस?"

त्यांनी चहा दिला, बाबांची चौकशी केली. कामावर मात्र त्या आल्या नाहीत.

मला अजूनही रोज लाल लागतो. बाकी सगळ्यांना हिरवा. मी बोर्डांना हात लावत नाही, लांबूनच तपासते. त्वचेच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. इथे कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मला मिळालेलं नाही. फक्त ती करणी आहे असं म्हणू नका... काकू तशा नाहीत.

लाल दिव्याची आता भीती वाटत नाही. भीती याची वाटते, की एखाद्या सकाळी आपोआप हिरवा लागेल, आणि मी काहीच झालं नसल्यासारखी पुढच्या बाईला म्हणेन — चला, हात दाखवा.