स्कोपच्या चाचण्या करणारा माझा सोबती

पिंप्राळ्यात एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. कंपनी पुण्याची, जळगावात आम्ही दोघंच, मी आणि धुळ्याचा एक सोबती. तो यंत्रमाग चालवणाऱ्यांच्या घरातला, घरात पहिलाच इंजिनिअर. आठवडाभर इथे खोली करून राहायचा, शनिवारी एसटीने बायको आणि अम्मीकडे जायचा. मला ताई म्हणायचा, मी त्याला भाऊ.

आमचा प्रोग्राम केळीच्या बागांना ठिबकचं पाणी सोडायचा. त्याचा गाभा सी प्लस प्लस या संगणकभाषेत होता. पाणी कधी सोडायचं याचे नियम मात्र पायथन या सोप्या भाषेत लिहिता यायचे, म्हणजे बदल करायला दर वेळी गाभ्याला हात लावावा लागत नसे. गाभ्यातले क्लास, म्हणजे व्हॉल्वसारख्या वस्तूंचे साचे, पायथनला वापरता यावेत म्हणून दोन्हींच्या मध्ये बाइंडिंग नावाचा जोड होता आणि त्याचा स्कोप, म्हणजे आवाका, तपासणं हे आमचं काम. क्लासचं नाव कुठून कुठपर्यंत दिसतं, त्याच्यापासून बनवलेला ऑब्जेक्ट किती वेळ जिवंत राहतो, एका बाजूने तो संपवला तर दुसऱ्या बाजूला ते कळतं का. कंटाळवाणं काम, पण त्याला ते मनापासून आवडायचं.

एका उन्हाळ्यात त्याच्या हातून चहाचे कप सांडायला लागले. स्क्रीनच्या कडेला लाल अक्षरात चूक दिसत असायची आणि तो म्हणायचा, सगळ्या चाचण्या पास आहेत. मला वाटलं, घाई करतोय. मग एका सकाळी त्याची स्कूटर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या केळीच्या हातगाडीवर गेली. हातगाडीवाल्याने शिव्या दिल्या. हा तिथेच रस्त्यावर बसून राहिला. मला म्हणाला, "ताई, गाडी तिथे नव्हतीच. आदळल्यावर दिसली."

धुळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर आधी जाते, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. गेलेली परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. एवढं मला सांगून तो कामाला बसला.

त्याने स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकून घेतला. कानात हेडफोन, आत एक सपाट आवाज कंस, बिंदू, स्वल्पविराम असं एकेक वाचत राहायचा. संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं ठणकायचं.

त्याच दिवसांत एक चाचणी आम्हाला छळत होती. कधी पास व्हायची, कधी अख्खा प्रोग्राम कोसळायचा. पायथनच्या फंक्शनमध्ये एका व्हॉल्वचा ऑब्जेक्ट हाताशी घेतलेला असायचा. गाभ्याने तो मधेच मेमरीतून पुसून टाकला तरी पायथन त्यालाच विचारत राहायचं, उघडा आहेस का? आणि उत्तर म्हणून त्या जागी जे काही पडलेलं असेल ते यायचं. एवढं शोधायला आम्हाला बरेच दिवस लागले. मी ओळी वाचायचे, तो डोळे मिटून ऐकायचा, मधेच थांबवून मागची ओळ पुन्हा वाचायला लावायचा. शेवटी पायथन सोडत नाही तोवर गाभ्याने व्हॉल्व पुसायचा नाही, असा बदल केला आणि प्रोग्राम कोसळायचा थांबला.

पुण्याचे साहेब फोनवर खूश झाले. त्या आनंदातच याने त्यांना डोळ्यांचं सांगितलं. मी त्याला थांबवायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण त्याला लपवून काम करायचं नव्हतं. साहेब फार आपुलकीने बोलले, तब्येत आधी म्हणाले. पुढच्या महिन्यात त्याचा करार संपला तो त्यांनी पुढे वाढवला नाही. त्याच्या चाचण्या माझ्याकडे आल्या.

पावसाळा सरताना मी धुळ्याला गेले. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, घरात बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा तोवर पुरता गेला होता; मी दारात उभी होते ते त्याला दिसलं नाही, बायकोने सांगितल्यावर त्याने मान माझ्याकडे वळवली. अम्मीने खीर दिली. त्याने पहिलं विचारलं ते चाचण्यांचं.

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणाले, "भाऊ, साहेबांनी त्या बंद करायला लावल्या. फार वेळ खातात म्हणाले."

त्याने खिरीची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "व्हॉल्वचा बदल तरी ठेवलाय ना?"

"ठेवलाय."

"मग ठीक."

त्यानंतर आम्ही माझ्या मुलीच्या बारावीबद्दल बोललो. डोळ्यांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

निघताना त्याची बायको गल्लीच्या तोंडापर्यंत आली. मागांचा आवाज तिथे जरा कमी होता. ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे बसून करायचं काहीही काम असेल तर बघा. पगाराचं नंतर बघू. दिवसदिवस ते कुणाशी बोलत नाहीत."

मी साहेबांना विचारेन म्हणाले आणि विचारलंही. साहेब म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली. मी पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, कुठलं काम? मग मी विचारणं सोडलं.

त्याचा दुसरा डोळा हिवाळ्यात गेला, हे मला त्याच्या बायकोकडूनच कळलं. ती अजून अधूनमधून फोन करते. आधी कामाचं विचारायची. आता माझ्या घरच्यांची खुशाली विचारते आणि ठेवते.